हत्तीची बदली

भाच्यांना घेऊन वीकएण्डला बाहेर पडायचं म्हणजे मॉल, पिझ्झा आणि पिक्चर हेच ठरलेलं. पण शनिवार-रविवार राणीची बाग आणि घारापुरी केलं तर? एका मावशीचा अनुभव!

‘‘ए, शनिवारी फ्री आहेस का गं?’’

ताईने असं विचारलं की समजायचं, आपण फ्री आहोत. चौतिशीतल्या, लग्न न झालेल्या, परळला आईसोबत राहणाऱ्या मावशीला शनिवारी दुसरं काय काम असणार, असं अख्ख्या खानदानाचं ठाम मत आहे. (त्या शनिवारी खरंच काही काम नव्हतं, ही गोष्ट वेगळी!)

तर मॅटर असा होता. भावोजींची बंगळुरूला बदली झाली होती. एप्रिलमध्ये पोरांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात सगळं बिऱ्हाड ठाण्याहून हलणार. थोरला (वय वर्षं १०) एकदम खूश. नवीन शाळा, नवीन सोसायटी, सोसायटीत स्विमिंग पूल. धाकट्याने (वय वर्षं ७) मात्र असहकार पुकारला होता. दिवसा ताई त्याची खेळणी खोक्यांत भरायची आणि रात्री हा गुपचूप उठून ती परत बाहेर मांडून ठेवायचा.

‘‘दोन दिवस धड जेवलेला नाहीये गं. माझ्याशी बोलत नाही, ह्यांच्याशी तर नाहीच नाही. तुझं ऐकतो तो. बाहेर कुठेतरी ने आणि जरा समजाव,’’ ताई म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘आणि तुझं तर कामच आहे ना ते!’’

ही बाकी खरी गोष्ट. मी एका कंपनीत एचआरला आहे. माणसांना या शहरातून त्या शहरात पाठवणं हा माझ्या नोकरीतला मोठा भाग. त्यासाठी माझ्याकडे वीस मिनिटांचं भाषणही तयार असतं. ‘बदल म्हणजे संधी’ इथे सुरू होतं आणि ‘पहिले पंधरा दिवस गेस्ट हाऊस कंपनीचं’ इथे संपतं. हे भाषण ऐकून भलेभले चेन्नईला जायला तयार झालेत. सात वर्षांचं पोरगं किस झाड की पत्ती!

शनिवारी सकाळी ठाण्याला जाऊन दोघांना उचललं. पोरांना पेंग्विन बघायचे होते, म्हणजे राणीची बाग आलीच. स्लो लोकलची खिडकी मिळाली आणि मी माझं जनरल नॉलेज सुरू केलं. ‘‘माहितीय का, भारतातली पहिली पॅसेंजर गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटली ती थेट आपल्या ठाण्याला आली!’’

‘‘म्हणजे सगळ्यात पहिली गाडीसुद्धा ठाण्यालाच आली?’’ धाकट्याने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘बघ!’’ त्याने थोरल्याला ढोसलं. ‘‘बंगळुरूला नाही गेली.’’

स्कोअर : धाकटा १, मावशी ०.

भायखळा स्टेशनवर आपण रोज गर्दीत उतरतो आणि मान खाली घालून पळतो. यावेळी जरा थांबून वर बघा. मुंबईतल्या सगळ्यात जुन्या स्टेशनांपैकी हे एक. त्याची जुनी इमारत मध्यंतरी मस्तपैकी दुरुस्त केली आणि त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. लाकूडकाम, कमानी, खिडक्या... सगळं परत मूळ रूपात आणलंय. पोरांना अर्थात त्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता. त्यांना वडापाव हवा होता.

पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की बाग येते. आता हिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली उघडली तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन्स. पण लोकांनी तेव्हाच जी ‘राणीची बाग’ करून टाकली ती आजतागायत. राणी बदलली, बाग तीच!

तिकीट खिडकीवरचा किस्सा सांगायलाच हवा. २०१७ मध्ये इथले दर वाढले, तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, लहानांना २५ आणि चौकोनी कुटुंबाला मिळून १०० असं ठरलं. चौकोनी म्हणजे आई, बाबा आणि दोन मुलं. आता आमचा हिशेब बघा : मी ५०, पोरं पंचवीस-पंचवीस. झाले की नाही शंभर? एक माणूस कमी असूनही आम्ही बरोबर एक कुटुंब भरलो. मला उगाचच फार बरं वाटलं.

पेंग्विनचा किस्सा आता सगळ्यांना ठाऊक आहे. हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून इथे आले. मार्च २०१७ पासून ते लोकांना बघायला मिळू लागले आणि तेव्हापासून शनिवार-रविवारची रांग काही हटलेली नाही. पेंग्विन म्हणजे बर्फ, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हे मात्र बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तरीही मुंबईचा एप्रिल त्यांना झेपणार नाही, म्हणून काचेच्या पलीकडे सोळा ते अठरा डिग्री ठेवतात. आम्ही बाहेरून घामाच्या धारांनी निथळत आत आलो. एसीची पहिली झुळूक लागली आणि मागच्या एक काकू म्हणाल्या, ‘‘मला इथेच ठेवा हो!’’

थोरल्याने पंधरा फोटो काढले. धाकटा काचेला नाक लावून उभा राहिला. एक पेंग्विन पाण्यात गोळीसारखा सुटला, त्याच्या नाकासमोर येऊन थांबला आणि मान तिरकी करून बघायला लागला. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत होते.

‘‘हे पेरूहून आलेत?’’

‘‘यांचे आजोबा-पणजोबा पेरूचे. हे कोरियाहून आलेत. आणि काही तर इथेच जन्मलेत. म्हणजे पक्के मुंबईकर.’’

मला वाटलं, हीच संधी! बाहेर आल्यावर सावली शोधली. राणीच्या बागेत प्राण्यांपेक्षा झाडं भारी आहेत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. गोरखचिंचेची झाडं बघा. हत्तीच्या पायासारखं खोड, आणि एप्रिलमध्ये एक पान नाही अंगावर. उलटं लावल्यासारखं दिसतं. झाड मूळचं आफ्रिकेतलं, शेकडो वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलं आणि रुजलं. आणखी एक झाड आहे उर्वशी नावाचं, ते ब्रह्मदेशातलं. हिवाळ्यात झुंबरासारखी लाल फुलं लटकतात त्याला. बोरिवली-वसईहून लोक फक्त ते बघायला येतात.

आम्ही एका बाकावर बसलो, मी बिसलेरी काढली आणि भाषण सुरू केलं.

‘‘बघ हं, हे झाड आफ्रिकेतून आलं. पेंग्विन कोरियाहून आले. इथे सगळे बदलीवरच आलेत की नाही? आणि किती मजेत आहेत! नवीन जागा सुरुवातीला...’’

‘‘मावशी,’’ धाकटा शांतपणे म्हणाला, ‘‘पेंग्विनला दार उघडून दिलं तर तो थांबेल का?’’

आजवर मॅनेजर लोकांनी मला बेसिक, एचआरए, शिफ्टिंगचा खर्च असलं सगळं विचारलंय. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

भाषण बारगळलं. आम्ही बर्फाचा गोळा खाल्ला (कालाखट्टा, दुसरं काय!) आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे निघालो. हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. १८७२ मध्ये उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाचं होतं. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजींचं नाव मिळालं. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर, संस्कृतचे अभ्यासक आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून धडपडलेले गृहस्थ. आत जाण्याइतका पोरांचा पेशन्स उरला नव्हता, पण मला त्यांना आवारातल्या दोन वस्तू दाखवायच्याच होत्या.

पहिली म्हणजे काळा घोडा. हो हो, तोच! फोर्टमध्ये ज्याच्यावरून अख्ख्या चौकाला नाव पडलं, तो राजा एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये तिथून काढला आणि भायखळ्याला आणून ठेवला. गंमत म्हणजे घोडा गेला तरी चौकाचं नाव काही गेलं नाही. पुढे २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा उभा केला, या वेळी स्वाराशिवाय.

आणि दुसरा हा हत्ती.

काळ्या दगडाचा, चांगला दांडगा. जवळ गेलं की अंगावर सांधे दिसतात, ठिगळं लावल्यासारखे. आपण सगळे ‘एलिफंटा केव्हज’ म्हणतो ना, ते नाव या हत्तीमुळे पडलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज घारापुरीला उतरले, तेव्हा त्यांना धक्क्याजवळ हा दिसला आणि त्यांनी बेटाचं नावच ठेवलं एलिफंटा. पुढे १८१४ मध्ये याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी याला थेट इंग्लंडला न्यायचं ठरवलं. उचलायला गेले आणि हा कोसळला, तुकडे तुकडे झाले. ते तुकडे मग मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये जोडून इथे उभे केले.

ही गोष्ट धाकट्याने तोंड उघडं टाकून ऐकली.

‘‘त्याला इंग्लंडला जायचंच नव्हतं,’’ तो म्हणाला.

‘‘दगडाचा आहे तो. क्रेन तुटली असेल,’’ थोरला.

‘‘नाही. त्याने मुद्दाम केलं.’’

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिस! शनिवारी ऑफिसचा फोन घ्यायचा नसतो हे मला कळतं. तरी मी घेतला. हैदराबादला जाणाऱ्या एका मुलाने जॉइनिंगची तारीख पुढे ढकलून मागितली होती आणि बॉसना ते पसंत नव्हतं. मी दोन मिनिटं बोलले. फार तर तीन. ‘‘हो सर, मी समजावते त्याला,’’ असं म्हणून फोन ठेवला आणि वळले, तर थोरला एकटाच.

‘‘हा कुठे गेला?’’

‘‘इथेच होता.’’

इथेच होता, म्हणजे आता नाही. शनिवारची दुपार, राणीची बाग, हजारो माणसं आणि अर्धी पोरं निळ्या टी-शर्टात. पहिल्या मिनिटाला मी त्याला हाका मारत होते. दुसऱ्या मिनिटाला ओरडत होते. तिसऱ्या मिनिटाला ताईला काय सांगायचं त्याची वाक्यं डोक्यात तयार व्हायला लागली आणि माझे पाय लटपटायला लागले. एक सिक्युरिटीवाले काका धावत आले. ‘‘मॅडम, घाबरू नका. काय घातलंय पोराने? गेटवर सांगतो.’’ गोळेवाल्याकडे नाही. काळ्या घोड्याकडे नाही. थोरल्याचा हात मी इतका घट्ट धरला होता की तो ‘‘मावशी, दुखतंय’’ म्हणाला. तोही आता रडवेला झाला होता.

मग त्यालाच सुचलं. ‘‘मावशी, हत्तीच्या मागे बघूया?’’

हत्तीच्या मागच्या बाजूला, सावलीत, चौथऱ्याला पाठ लावून साहेब बसले होते. गुडघे पोटाशी. घड्याळात पाहिलं तर सगळी मिळून सातच मिनिटं झाली होती. या सात मिनिटांत माझं वय सात वर्षांनी तरी वाढलं असेल.

ओरडायचं ठरवून गेले होते. त्याचा चेहरा बघितला आणि शेजारी फतकल मारून बसले. ऑफिसची चांगली जीन्स, त्या धुळीत. काकांनी लांबूनच हात केला आणि वॉकीटॉकीवर ‘मिळाला’ असं काहीतरी सांगितलं.

‘‘मी इथेच राहणार,’’ धाकटा म्हणाला. ‘‘हत्तीजवळ.’’

आता खरं तर भाषणाचा दुसरा भाग यायला हवा होता. नवीन मित्र, नवीन शाळा, व्हिडीओ कॉल. पण घसा कोरडा पडला होता आणि काही आठवेना.

त्यानेच विचारलं, ‘‘मावशी, आम्ही गेलेलं तुला आवडणारे?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘अजिबात नाही.’’

त्याने झटकन वर बघितलं. महिनाभर घरात प्रत्येक जण त्याला किती मजा येणार ते सांगत होता. आई, बाबा, आजी, फोनवरून आत्या. ‘हे वाईट आहे’ असं त्याच्यासमोर पहिल्यांदाच कोणीतरी कबूल केलं होतं.

‘‘मग आईला सांग ना, जाऊ नका.’’

‘‘आईला माहितीय रे. तिलाही आवडत नाहीये. तिची शाळा सुटतेय, मैत्रिणी सुटतायत. पण बाबांना तिकडे एकटं राहायला लागू नये म्हणून चाललीय.’’ (ताई शिक्षिका आहे. बारा वर्षं एकाच शाळेत. हे मला माहीत होतं, पण या चर्चेत मीसुद्धा तिला एकदाही त्याबद्दल विचारलं नव्हतं.)

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, ‘‘तू रडणार?’’

‘‘बहुतेक. पण स्टेशनवर नाही. घरी जाऊन.’’

हे त्याला पटलं असावं. त्याने खिशातून चुरगळलेलं चिप्सचं पाकीट काढलं आणि मला एक दिली. थोरला इतका वेळ बाजूला उभा होता, तो पण येऊन खाली बसला. ‘‘तिकडे क्रिकेटची टीम कशी असेल कोणास ठाऊक,’’ तो हळूच म्हणाला. म्हणजे स्विमिंग पूलवाल्या साहेबांच्याही पोटात गोळा होताच!

आम्ही तिघं तिथे चांगला अर्धा तास बसलो. उठताना धाकट्याने फर्मान सोडलं, ‘‘मला हत्तीचं घर बघायचंय. खरं घर.’’

म्हणजे रविवारही गेला!

रात्री दोघं माझ्याकडेच राहिले. आजीने केलेली आमरस-पोळी धाकट्याने दोनदा मागून खाल्ली. मी ताईला फोन करून घारापुरीचं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, ‘‘बोट?’’ तिची काळजी रास्त होती. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि त्यात माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. ‘‘तिघंही घालू, शेवटपर्यंत काढणार नाही,’’ असं कबूल केलं तेव्हा परवानगी मिळाली. सात मिनिटांचा किस्साही सांगितला. ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘जेवला का?’’ मी म्हटलं, दोनदा. आणि मग मी तिला तिच्या शाळेबद्दल विचारलं. फोन ठेवला तेव्हा साडेबारा वाजले होते.

रविवारी सकाळी गेटवे. नऊच्या सुमाराची बोट पकडा, हा माझा प्रेमाचा सल्ला. नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. तासाभराचा प्रवास. मागे ताज आणि गेटवे लहान लहान होत जातात, नौदलाची जहाजं दिसतात, तेलाची टाकी-जहाजं उभी असलेलं जवाहर द्वीप लागतं. मुंबईत जन्म काढलेल्या माणसालाही आपलं शहर समुद्रातून बघितल्यावर जरा वेगळंच वाटतं. ऑफिस, ईएमआय, ट्रॅफिक... सगळं एका पट्टीत मावतं.

धक्क्यावर उतरलं की एक छोटी गाडी पायऱ्यांपर्यंत नेते. चालतही जाता येतं, पण पोरं असतील तर गाडी मस्ट! मग साधारण १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी हत्ती (छोटे) आणि मीठ-मसाला लावलेल्या कैऱ्या. माकडांपासून सावध! थोरल्याच्या हातातली कोल्ड ड्रिंकची बाटली एका माकडाने इतक्या सफाईने उचलली आणि बूच उघडून पिऊ लागलं की आम्ही रागवायचंच विसरलो.

वर पोचल्यावर आधी थंडगार वाटतं. सहाव्या शतकाच्या आसपास अख्खा डोंगर आतून कोरून ही लेणी केली. १९८७ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. मुख्य लेण्यात खांबांच्या रांगांमधून चालत गेलात की समोर अंधारातून हळूहळू तीन चेहरे उमटतात. सगळे त्रिमूर्ती म्हणतात, पण हा सदाशिव. शिवाचीच तीन रूपं. तीन माणसं एकावर एक उभी केली तरच कुठे त्याच्या उंचीला पुरतील. मोबाइल जरा खिशात ठेवा आणि पाच मिनिटं नुसते उभे राहा. एवढी शांतता मुंबईपासून तासाभरावर आहे, यावर विश्वास बसत नाही.

‘‘एक चिडलेला आहे,’’ थोरल्याने डावीकडचा चेहरा पाहून ठरवलं. ‘‘उजवीकडचा लाडात आलाय. मधला काहीच बोलत नाहीये.’’

‘‘आईसारखा,’’ धाकटा म्हणाला. ‘‘आई पण असं तिन्ही करते.’’

पण त्याचं खरं काम वेगळं होतं. हत्तीची जागा! खाली उतरताना त्याने कैरी विकणाऱ्या मावशींनाच गाठलं. ‘‘हत्ती कुठे होता?’’

मावशींना एक सेकंदही लागला नाही. ‘‘दगडाचा ना? तो तिकडं, राजबंदरच्या अंगाला व्हता म्हणतात. आमच्या आजीच्या पण आधीची गोष्ट. आता मुंबईला हाय तो.’’

‘‘आम्ही काल भेटलो त्याला,’’ धाकटा म्हणाला.

‘‘बरा हाय ना?’’

‘‘बरा आहे. जोडलाय.’’

मावशी खळखळून हसल्या. बेटावर राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर अशी तीन छोटी गावं आहेत. गेटवेच्या झगमगाटासमोर असूनही इथे चोवीस तास वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. मावशींची मुलगी लग्न होऊन पलीकडे उरणला गेलीय. ‘‘आठवण येत नाही का?’’ मी विचारलं. कैरीवर तिखट टाकता टाकता म्हणाल्या, ‘‘येते की. रोज येते. पण बोट हाय ना! सणाला येते, जत्रंला येते. नाही आली तर मी जाते.’’

कैरीचे पैसे दिले, त्यांनी एक फोड जास्तीची दिली, ती धाकट्याला.

परतीच्या बोटीत थोरला माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. नारिंगी लाइफ जॅकेटमध्ये दोघं फुगलेल्या पुऱ्यांसारखे दिसत होते. धाकटा रेलिंगला टेकून बेटाकडे बघत होता.

‘‘बंगळुरूला बोट जाते?’’

‘‘बोट नाही, पण गाडी जाते. उद्यान एक्स्प्रेस. सीएसएमटीहून सुटते आणि भायखळ्यावरूनच जाते. दुसऱ्या दिवशी तिकडे.’’

‘‘उद्यान म्हणजे बाग ना?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे राणीच्या बागेवरून जाते म्हणून?’’

खरं तर बंगळुरू बागांचं शहर म्हणून तसं नाव. पण मी म्हटलं, ‘‘असेल.’’ एवढं चालतं!

मग तो बराच वेळ गप्प होता. गेटवे जवळ आलं तेव्हा म्हणाला, ‘‘तू लोकांची बदली करतेस ना? मग स्वतःची कर ना.’’

काय उत्तर देणार? मी त्याच्या जॅकेटचा पट्टा उगाचच घट्ट केला. आई इथे, घर इथे, नोकरी इथे. म्हटलं, ‘‘बदली नाही जमणार रे. पण दिवाळीत चार दिवस नक्की. आणि गणपतीत तुम्ही या.’’ त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. म्हणाला, ‘‘चालेल. पण फोन आला तर घ्यायचा नाही.’’

कबूल!

सोमवारी ऑफिसला जाऊन मी पहिल्यांदा त्या हैदराबादच्या मुलाला बोलावलं. भाषण केलं नाही. नुसतं विचारलं, ‘‘घरी काय म्हणतायत?’’ तो अर्धा तास बोलला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. तारीख सहा आठवड्यांनी पुढे गेली. बॉस थोडे कुरकुरले, पण गेली.

मे महिन्यात ताईचं बिऱ्हाड गेलं. सीएसएमटीवर धाकट्याने खिडकीतून ओरडून विचारलं, ‘‘भायखळा कुठल्या बाजूला येणार?’’ गाडी हलली. मी स्टेशनवर रडले नाही. ठरल्याप्रमाणे घरी येऊन रडले.

आठवड्याने फोन आला. जेवतोय, शाळा अजून सुरू व्हायचीय, खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे कासव आहे. मग एकदम महत्त्वाची बातमी सांगावी तसा आवाज.

‘‘मावशी, माहितीय का? इथे पण लालबाग आहे!’’

‘‘हो? मग?’’

‘‘पण राजा नाहीये. नुसती झाडंच आहेत.’’

कसं जाल?

राणीची बाग : मध्य रेल्वेच्या भायखळा स्टेशनवरून पूर्वेला उतरून चालत. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद, हे आधीच डोक्यात ठेवा. पेंग्विनसाठी सकाळी लवकर जा, दुपारनंतर रांग वाढते. दगडी हत्ती आणि काळा घोडा हे दोघं संग्रहालयाच्या परिसरात आहेत.

घारापुरी : गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने सुमारे तासभर. सोमवारी लेणी बंद. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद असतात. बेटावर पर्यटकांना रात्री राहता येत नाही, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या. लाइफ जॅकेट घाला, पाणी आणि टोपी न्या, माकडांसमोर खाणं काढू नका.

आणि हो : मोबाइल सायलेंटवर!